सी कोडबेसमध्ये नवा नियम आणताना: आधी काय, मग काय

बैठकीत ठरतं: ‘नल पॉइंटरमुळे क्रॅश फार होतात, आता नियमच करू आणि टूलला पकडायला लावू.’ कोणीतरी उत्साहाने चेकर (कोड न चालवता त्यात नियमभंग शोधणारं टूल) लिहितं. पहिल्याच रनला वॉर्निंगचा ढीग पडतो, डेडलाइन तोंडावर असते, आणि चेकर चालू करणारा फ्लॅग ‘तात्पुरता’ बंद होतो. पुन्हा कोणी चालू करत नाही. अशा वेळी चेकरमध्ये सहसा फारशी खोट नसते, कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

हा लेख सी किंवा तशाच खालच्या पातळीच्या भाषेत फर्मवेअर, ड्रायव्हर, कंट्रोलर लिहिणाऱ्या टीमसाठी आहे. उदाहरणासाठी एकच नियम धरला आहे: नल असू शकणारा (म्हणजे मेमरीतली कोणतीच जागा न दाखवणारा) पॉइंटर तपासल्याशिवाय वापरायचा नाही. तुमचा नियम वेगळा असला तरी पायऱ्या याच राहतात.

## १. टूलला कोड नीट दिसू द्या

इथली तीन कामं कंटाळवाणी आहेत, म्हणूनच ती टाळली जातात.

पहिलं काम म्हणजे कंपाइल डेटाबेस: कोणती फाइल नेमक्या कोणत्या फ्लॅगनी कंपाइल होते याची यादी. सीमेक हे बिल्ड टूल ती स्वतः काढून देतं. मेकफाइल असेल तर बेअरसारखं टूल बिल्ड चालू असताना ती गोळा करतं. इन्क्लुड पाथ अंदाजाने देऊ नका. एखादा मॅक्रो चुकला की टूल ‘इफडेफ’ची (अटीनुसार कोड घेणाऱ्या सूचनेची) भलतीच शाखा तपासतं, आणि वॉर्निंग कमी आल्या म्हणून तुम्ही खूश होता.

दुसरं काम टार्गेटचं, म्हणजे कोड ज्या चिपवर चालणार तिचं. १६ बिटी इंट असलेल्या चिपचा कोड लॅपटॉपच्या ३२ बिटी गृहीतावर तपासला तर ओव्हरफ्लोबद्दलचा एकही निष्कर्ष धरता येत नाही. व्हेंडर कंपायलरचे खास कीवर्ड टूलला कळत नसतील तर ते रिकामे करणारा एक हेडर लिहा आणि तो फक्त ॲनालिसिसच्या बिल्डमध्ये घ्या. मूळ हेडरमध्ये ही ठिगळं लावू नका.

तिसरं काम अर्ध्या तासाचं आहे, पण त्याने सगळ्यात जास्त गोंगाट कमी होतो: जी फंक्शन परत येतच नाहीत त्यांना ‘नोरिटर्न’ लावा. तुमच्या कोडमध्ये ‘पॅनिक’, ‘फेटल’, ‘रिसेट’ अशा नावाची दोन-तीन तरी असतीलच. पॉइंटर नल असेल तर पॅनिक, नाहीतर पुढे वापर, असा कोड सगळीकडे असतो. पॅनिकमधून कोणी परत येत नाही हे टूलला सांगितलं नसेल तर ते त्याच्याही पुढे चालत जातं आणि प्रत्येक वापरापाशी ‘इथे नल असू शकतो’ म्हणतं. सी११ मध्ये यासाठी कीवर्ड आहे, सी२३ मध्ये ॲट्रिब्यूट आहे, आणि जुन्या कंपायलरमध्येही बहुतेक वेळा काहीतरी सोय असते.

तपासा: एका फाइलमध्ये मुद्दाम नल डीरेफरन्स (नल पॉइंटरमधून वाचणं) टाका. टूलने ते पकडलं नाही तर ती फाइल टूलपर्यंत पोचतच नाही. हे प्रत्येक मॉड्यूलसाठी करा.

## २. बग छोट्या प्रोग्रॅममध्ये पकडा आणि तो कोणी अडवायचा ते ठरवा

‘नलचे बग’ म्हणजे फारच मोघम. बगच्या नोंदींमधून खरे घडलेले प्रसंग काढा आणि प्रत्येकाचा दहा-पंधरा ओळींचा स्वतंत्र प्रोग्रॅम करा. हेच पुढे टेस्ट होतात. त्यांच्यासोबत दिसायला तसाच पण बरोबर असलेला प्रोग्रॅमही लिहा, कारण चेकरने कुठे गप्प बसायचं हे तिथूनच ठरतं.

मग प्रश्न येतो की हा बग कोण अडवेल. भाषा, कंपायलरची साधी वॉर्निंग, खोलवर जाणारं ॲनालिसिस, की फक्त एक चांगलं फंक्शन? लोक बहुधा सरळ ॲनालिसिसकडे धावतात. ते सगळ्यात महाग उत्तर आहे.

२०१४ मध्ये ॲपलच्या एसएसएल कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडली. दुसरी ओळ इंडेंट केलेली होती पण इफच्या आत नव्हती, त्यामुळे सही तपासण्याची पायरीच वगळली गेली. यासाठी भाषा बदलावी लागली नाही. जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती ६ मध्ये इंडेंटेशन आणि ब्लॉक जुळत नसल्याची वॉर्निंग आली, ती ‘वॉल’ या नेहमीच्या वॉर्निंग-फ्लॅगमध्येच आहे आणि तिला प्रोग्रॅमचा अर्थ कळण्याचीही गरज नाही.

उलट उदाहरण लिनक्स कर्नलचं. लिस्ट फिरवणाऱ्या मॅक्रोचा व्हेरिएबल लूप संपल्यावरही जिवंत राहायचा, आणि लूप पूर्ण फिरला असेल तर त्यात कचरा पॉइंटर असायचा. टूलने असे वापर शोधत बसण्यापेक्षा व्हेरिएबल लूपच्या आतच जाहीर करता आला तर चूक करताच येणार नाही. पण कर्नल तेव्हा १९८९ च्या सीवर होता आणि त्यात ‘फॉर’मध्ये डिक्लेरेशन चालत नाही. म्हणून २०२२ मध्ये ५.१८ आवृत्तीत कर्नल सी११ वर गेला. असा बदल महाग असतो, पण बगचा अख्खा प्रकार जातो.

नलच्या नियमाला मात्र पॉइंटरवर खूण (तो नल असू शकतो की नाही हे सांगणारी) आणि फंक्शनच्या आतलं ॲनालिसिस दोन्ही लागतात, म्हणून पुढच्या पायऱ्या.

## ३. नियम कागदावर लिहा, कोड नंतर

ही पायरी लोक सर्रास गाळतात. चेकर लिहिता लिहिता नियम ठरत जातो, आणि सहा महिन्यांनी ‘इथे वॉर्निंग का नाही?’ याचं उत्तर फक्त कोडमध्ये सापडतं.

सुरुवातीला एक निर्णय: नियम सगळे बग पकडणार, की खोटी ओरड कमी ठेवणार? राइसच्या प्रमेयामुळे (१९५३; प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दलचे प्रश्न कोणतंही टूल नेहमी अचूक सोडवू शकत नाही) दोन्ही एकदम मिळत नाही. जुन्या सी कोडसाठी माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. चार बग सुटले तरी चालतील, पण जी वॉर्निंग येईल ती वाचावीशी वाटली पाहिजे. सेफ्टी सर्टिफिकेशनचा कोड असेल तर गणित उलटं होतं.

मग पॉइंटरच्या अवस्था. दोन पुरत नाहीत, तीन लागतात: ‘नल नाही’, ‘नल असू शकतो’ आणि ‘अजून ठरवलेलं नाही’. तिसरी अवस्था नसेल तर खूण नसलेला प्रत्येक जुना पॉइंटर पहिल्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात जातो. क्लँग या कंपायलरने पॉइंटरच्या टाइपवर नल असण्याच्या खुणा आणल्या त्यात ही तिसरी अवस्था आहे, शिवाय एक हुशार वॉर्निंगही आहे: हेडरमधल्या एका पॉइंटरवर खूण केलीत की त्याच हेडरमधले बाकीचेही पूर्ण करा. काम हेडर-हेडरने पुढे सरकतं, अर्धवट राहत नाही.

यानंतरचे प्रश्न एकेक करून लिहून ठेवा. उत्तरं माझ्यासारखीच असली पाहिजेत असं नाही, पण उत्तर असलंच पाहिजे.

दोन रस्ते एकत्र येतात तिथे काय? एकीकडून ‘नल नाही’ आणि दुसरीकडून ‘असू शकतो’ आलं तर ‘असू शकतो’. हे सोपं आहे. लूपमध्ये मात्र अवस्था बदलायची थांबेपर्यंत फिरावं लागतं, एकदा फिरून सोडलं तर दुसऱ्या फेरीतला नल सुटतो.

‘असर्ट’ (अट खोटी ठरली तर प्रोग्रॅम थांबवणारी तपासणी) हा पुरावा मानायचा का? रिलीज बिल्डमध्ये असर्ट गायब होत असेल तर तो पुरावा नाही, ती प्रार्थना आहे. पण तो मानला नाही तर वॉर्निंग खूप वाढतात. मधला मार्ग असा: रिलीजमध्येही राहणारा वेगळा तपासणी मॅक्रो ठेवा आणि फक्त तोच पुरावा माना.

स्ट्रक्चरमधला पॉइंटर तपासला, मग दुसऱ्याच फंक्शनला कॉल केला, मग तो पॉइंटर वापरला. तपासणी अजून लागू आहे का? त्या फंक्शनने फील्ड बदललं असू शकतं. दर कॉलनंतर माहिती टाकून दिली तर गोंगाट होतो, ठेवली तर बग सुटतात. माझा सल्ला असा की ज्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता बाहेर गेलेला नाही त्याची माहिती ठेवा आणि फील्डची टाका. मेसेजमध्ये ‘आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या’ असं सुचवा. इंटरप्ट हँडलर हात घालतो अशा फील्डसाठी तर हेच योग्य आहे.

पत्ता शून्य म्हणजे नेहमी नल का? कॉर्टेक्स-एमच्या बऱ्याच चिपवर व्हेक्टर टेबल शून्यापासूनच सुरू होतं आणि बूटलोडर ते वाचतो. जीसीसीही एव्हीआर आणि एमएसपी४३० या टार्गेटवर ‘शून्य पत्ता वापरताच येत नाही’ असं मानत नाही. अशा फाइलींना नियमातून वेगळं काढा, आणि तसं कारणासह लिहा.

सावधान: फंक्शनच्या आत डोकावून निष्कर्ष काढणारा चेकर पहिल्या आवृत्तीत नको. फंक्शनबद्दल जे कळायचं ते त्याच्या डिक्लेरेशनवरच्या खुणेतून कळावं. नाहीतर एका फाइलमधल्या बदलाने भलत्याच फाइलमध्ये वॉर्निंग येते, आणि ती का आली हे कोणालाच सांगता येत नाही.

## ४. खूण कशी करायची, आणि ती ऑप्टिमायझरच्या हाती का द्यायची नाही

खूण कॉमेंटमध्ये ठेवू नका. जीसीसी ७ मध्ये स्विचमधून खाली घसरणाऱ्या केसची वॉर्निंग आली, आणि ‘फॉल थ्रू’ अशी कॉमेंट लिहिली की ती गप्प व्हायची. क्लँग या कॉमेंटला ओळखायचा नाही. प्रीप्रोसेसर वेगळा चालवणाऱ्या बिल्डमध्ये तर कॉमेंट कंपायलरपर्यंत पोचायचीच नाही. कर्नलमध्ये लोकांनी आधी कॉमेंट टाकल्या, नंतर त्या सगळ्या काढून ‘फॉलथ्रू’ हा मॅक्रो टाकला. एकच काम दोनदा झालं. आता सी२३ मध्ये त्यासाठी प्रमाणित ॲट्रिब्यूट आहे.

म्हणून खुणेसाठी स्वतःचा मॅक्रो करा. टूलला तो दिसेल, आणि ज्या कंपायलरला कळत नाही तिथे तो रिकामा होईल. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये लिहिलेल्या स्पार्स या टूलसाठी कर्नल हेच करतो: युझर स्पेसच्या पॉइंटरवरची खूण नेहमीच्या बिल्डमध्ये काहीच नसते.

आता या लेखातली सगळ्यात महागडी चूक. मॅक्रोच्या आत जीसीसीचं ‘नॉननल’ ॲट्रिब्यूट ठेवण्याचा मोह होतो, कारण ते तयार मिळतं. पण ते फक्त वॉर्निंगसाठी नाही, ऑप्टिमायझरला (कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरच्या भागाला) दिलेला तो शब्द आहे. फंक्शनच्या पॅरामीटरवर ते लावलंत की फंक्शनच्या आतली ‘नल असेल तर परत जा’ ही बचावाची ओळ कंपायलर काढून टाकू शकतो. म्हणजे सुरक्षेसाठी खूण केली आणि होती ती सुरक्षा गेली. क्लँगची टाइपवरची खूण कोड निर्मितीवर परिणाम करत नाही, आपल्याला तशीच हवी.

हे पुस्तकी भय नाही. २००९ मध्ये कर्नलच्या टन या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि नलची तपासणी त्यानंतर होती. वापरला म्हणजे नल नाहीच, असं मानून कंपायलरने तपासणी उडवली आणि साधा क्रॅश सुरक्षेचं भोक बनला. तेव्हापासून कर्नल अशा तपासण्या उडवू नयेत असा फ्लॅग देऊन कंपाइल होतो. ‘मेमकॉपी’ या मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनचंही तसंच: शून्य बाइट कॉपी करताना नल दिला तरी नियमभंग धरला जायचा आणि नंतरची तपासणी उडू शकायची. सीच्या प्रमाणन समितीने २०२४ मध्ये पुढच्या आवृत्तीसाठी ही शून्य लांबीची अट सैल करायचं मान्य केलं.

तपासा: फक्त खुणा टाकलेली कमिट बिल्ड करा आणि आधीच्या ऑब्जेक्ट फाइलींशी बाइट-बाइट ताडून पाहा. डीबग माहिती बंद ठेवा, आणि ओळ क्रमांक छापणाऱ्या मॅक्रोमुळे येणारा फरक सोडून द्या. बाकी कोडमध्ये फरक दिसला तर तुमची खूण ऑप्टिमायझरपर्यंत पोचली आहे. तिथेच थांबा.

## ५. जुन्या कोडवर मोजा

चेकर कच्चा असतानाच तो सगळ्या कोडबेसवर चालवा. निवडक मॉड्यूलवर नको, कारण निवडलेलं मॉड्यूल नेहमी नीटनेटकं असतं. रस्टची टीम भाषेतला धोक्याचा बदल करण्याआधी क्रेटर नावाच्या यंत्रणेने सार्वजनिक पॅकेजेस जुन्या आणि नव्या कंपायलरवर बिल्ड करून निकाल ताडून पाहते. तुमचा कोडबेस तितका मोठा नसणार, पण पद्धत तीच.

आलेल्या वॉर्निंगमधून यादृच्छिक नमुना काढा. यादीतल्या पहिल्या पन्नास घेऊ नका, त्या बहुधा एकाच फोल्डरच्या असतात. प्रत्येकीला तीनपैकी एक शिक्का: खरा बग, खरं पण निरुपद्रवी, खोटं. शिक्का चेकर लिहिणाऱ्याने मारायचा नाही, त्या कोडच्या मालकाने मारायचा. गूगलच्या ट्रायकॉर्डर यंत्रणेत निकष असा आहे की वॉर्निंग पाहून डेव्हलपरने काहीच केलं नाही तर ती खोटीच धरायची, आणि असं प्रमाण १० टक्क्यांच्या आत हवं. निकष कठोर वाटतो, पण माणसांच्या वागण्याशी तो जुळतो.

खोट्या वॉर्निंगची कारणं गटात लावा. बहुतेक वेळा चार-पाच कारणांतच सगळं बसतं: राहिलेलं नोरिटर्न, एखादा मॅक्रो, एखादा इनिट क्रम. ती दुरुस्त करून पुन्हा मोजा.

## ६. गप्प करण्याची सोय आधी, नियम नंतर

वॉर्निंग बंद करण्याची अधिकृत वाट नसेल तर लोक अनधिकृत वाट काढतात: विनाकारण कास्ट, खोटी इफ. वाट द्या, पण तिला कारण जोडणं सक्तीचं करा. मिझ्रावर (सीच्या सुरक्षित वापराच्या नियमावलीवर) काम करणाऱ्यांना डेव्हिएशनची (नियमाला दिलेल्या अपवादाची) नोंद ठेवायची सवय असतेच, तीच इथे चालवा.

गप्प करण्याची पद्धत सगळ्या कंपायलरवर चालते का ते स्वतः करून बघा. परतावा वापरलाच पाहिजे असं सांगणारं जुनं ॲट्रिब्यूट घ्या: ‘व्हॉइड’मध्ये कास्ट केलं की क्लँग गप्प होतो, जीसीसी होत नाही. एकाच कोडवर दोन कंपायलर दोन गोष्टी सांगतात आणि टीममध्ये वाद होतात.

शिळ्या सूटही शोधा. बग दुरुस्त झाला तरी वॉर्निंग बंद करणारी ओळ तशीच राहते आणि उद्याचा नवा बग तिच्याखाली लपतो. रस्टमध्ये १.८१ पासून ‘एक्स्पेक्ट’ हे ॲट्रिब्यूट आहे, अपेक्षित वॉर्निंग आली नाही तर ते उलट तक्रार करतं. सीमध्ये हे स्क्रिप्टने करावं लागतं: आठवड्यातून एकदा सगळ्या सूट काढून चेकर चालवायचा आणि ज्या सुटीखाली काहीच आलं नाही ती उडवायची.

जुन्या वॉर्निंगची बेसलाइन फाइल (तूर्त दुर्लक्ष करायच्या वॉर्निंगची यादी) ठेवणार असाल तर ओळख ओळ क्रमांकावर बेतू नका. वर एक ओळ वाढली की सगळं नवं दिसतं. नियमाचं नाव, फंक्शनचं नाव आणि त्या ओळीचा मजकूर, एवढं पुरतं.

## ७. लागू करण्याचा क्रम

नव्या आणि बदललेल्या कोडवर नियम आजपासून. जुना कोड खालून वर: आधी मेमरी, स्ट्रिंग, कंटेनर यांचे हेडर, मग ड्रायव्हर, मग ॲप्लिकेशन. वरून सुरू केलंत तर खालच्या फंक्शनवर खूण नसल्यामुळे वर काहीच सिद्ध होत नाही, आणि वर घातलेल्या तपासण्या नंतर निरर्थक ठरतात.

यांत्रिक बदल आणि लॉजिकचे बदल एका कमिटमध्ये कधीही नको. यांत्रिक भागासाठी कॉक्सिनेलसारखं टूल वापरा आणि त्याची स्क्रिप्ट कमिट मेसेजमध्येच ठेवा.

सावधान: वॉर्निंग घालवण्यासाठी ‘नल असेल तर परत जा’ ही ओळ सरसकट पेरली जाते. वॉर्निंग जाते, आणि क्रॅशच्या जागी गुपचूप न झालेलं काम येतं. ब्रेक कंट्रोलरमध्ये दुसरं पहिल्याहून वाईट. रिव्ह्यूमध्ये एकच प्रश्न विचारा: इथे नल खरंच येऊ शकतो का? येत नसेल तर खूण करा, तपासणी घालू नका.

## ८. वॉर्निंगची एरर करणं

मोजणी शून्यावर आली तो फोल्डर लगेच एररवर टाका, बाकीच्यांची वाट पाहू नका. पण ‘डब्ल्यू-एरर’ (वॉर्निंगची एरर करणारा फ्लॅग) फक्त तुमच्या सीआयमध्ये (दर बदलावर आपोआप चालणाऱ्या बिल्डमध्ये) असावं, बाहेर जाणाऱ्या सोर्समध्ये नको. ग्राहकाने उद्या नवा कंपायलर घेतला की भलत्याच वॉर्निंगवर त्याचं बिल्ड पडेल.

एरर झाल्यावर काय मोडेल याचा अंदाज घेताना फक्त लाल बिल्ड मोजू नका. सी९९ ने न सांगितलेल्या फंक्शनला कॉल करणं बंद केलं होतं, तरी कंपायलर दोन दशकं नुसती वॉर्निंग देत राहिले. ६४ बिटी मशीनवर पॉइंटर परत करणाऱ्या अशा फंक्शनचा परतावा इंट धरला जायचा आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडायचा. अखेर क्लँग १६ (२०२३) आणि जीसीसी १४ (२०२४) यांनी ती एरर केली. त्यात खरा त्रास तुटलेल्या बिल्डचा नव्हता. कॉन्फिगर स्क्रिप्ट छोटे प्रोग्रॅम कंपाइल करून एखादी सोय सिस्टिममध्ये आहे का ते ठरवते. तो छोटा प्रोग्रॅमच जुन्या पद्धतीचा असेल तर तो आता कंपाइल होत नाही, स्क्रिप्ट ‘सोय नाही’ म्हणते आणि बिल्ड हिरवं राहून प्रोग्रॅम एखादं फीचर गमावतो.

तपासा: एरर चालू करण्याआधी आणि नंतर तयार झालेले कॉन्फिग हेडर ताडून पाहा. एकही ओळ बदलली तर का बदलली ते शोधा.

परतीची वाटही ठेवा. जीसीसी १४ मध्ये ‘परमिसिव्ह’ फ्लॅग दिला की याच एरर पुन्हा वॉर्निंग होतात. तुमचाही असा एक फ्लॅग असू द्या, कोणत्या आवृत्तीत तो काढणार हे त्याच्या मदतीच्या मजकुरातच लिहा. शेवटचा फोल्डर एररवर गेला की त्याच दिवशी बेसलाइन फाइल रेपोतून काढा, आणि तुम्ही सपोर्ट करता त्या सगळ्यात जुन्या कंपायलरवर एकदा स्वच्छ बिल्ड करून खुणेचा मॅक्रो तिथे खरंच रिकामा होतो ना ते पाहा.